मुखमैथुन आणि एचआयव्ही : धोक्याचे माप



आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांच्या भिंतींवर एचआयव्हीच्या प्रसाराचे चार मार्ग रंगवलेले असतात : असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित रक्त, दूषित सुया आणि बाधित आईकडून बाळाला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना १९९२ साली स्थापन झाली. तेव्हापासून या चार ओळींनी फार मोठे काम केले आहे आणि त्यांत खोटे काही नाही. पण पहिल्या ओळीत योनीसंभोग, गुदसंभोग आणि मुखमैथुन ही तिन्ही एकाच पंक्तीला बसतात. तोंडाने केलेल्या संबंधातून एचआयव्ही होतो का, असे कोणी धीर करून विचारलेच, तर त्याला बहुधा दोहोंपैकी एक उत्तर मिळते. "होऊ शकतो, सगळेच टाळा" हे एक, आणि "त्याने काही होत नाही" हे दुसरे. पहिले उत्तर ऐकलेला माणूस एका प्रसंगासाठी महिनोन्महिने झोप घालवतो, पुन्हा पुन्हा रक्त तपासून घेतो आणि निगेटिव्ह अहवाल हातात असूनही त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. दुसरे उत्तर ऐकलेला माणूस घशात मुक्काम करून बसलेल्या दुसऱ्याच एखाद्या गुप्तरोगाला मोकळे रान देतो. मला आज असे मांडायचे आहे, की इथे धोका आहे की नाही एवढेच विचारून भागत नाही. तो किती आहे, दोघांपैकी कोणाला आहे आणि कशाने वाढतो, हे मापून सांगावे लागते. असे माप उपलब्ध आहे. ते परिपूर्ण नाही, पण माणसाला निर्णय घेता यावा इतके भक्कम आहे.

आधी शरीराकडे पाहू. एचआयव्हीला शरीरात शिरकाव करायचा तर सीडी४ हे प्रथिन अंगावर असलेल्या रोगप्रतिकारक पेशी गाठाव्या लागतात. गुदाशयाचे आतले अस्तर एका पेशीच्या जाडीचे असते आणि त्याच्या लगेच खाली अशा पेशींची दाटी असते. म्हणून कंडोमशिवाय गुदमैथुन स्वीकारणाऱ्याला धोका सर्वांत जास्त. योनीचे अस्तर अनेक थरांचे असले तरी तिथे वीर्य बराच वेळ राहते, पृष्ठभाग मोठा असतो आणि गर्भाशयमुखाच्या आतल्या बाजूला अस्तर पातळ होते. तोंडाची गोष्ट वेगळी आहे. गाल, जीभ, टाळू यांचे आवरण जाड, अनेक थरांचे आणि सतत नव्याने तयार होणारे. रोज तिखट, गरम, टणक अन्न सोसणारे. त्यावर लाळेचा पहारा असतो. लाळेतले एसएलपीआय नावाचे प्रथिन एचआयव्हीला पेशीत शिरण्यापासून रोखते, हे १९९५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले. लाळेत क्षारांचे प्रमाण रक्तापेक्षा आणि वीर्यापेक्षा पुष्कळ कमी असते. त्यामुळे वीर्यातून किंवा रक्तातून आलेल्या बाधित पेशी लाळेत फुगतात आणि फुटतात. विषाणूचा एक मोठा वाहकच तिथे नष्ट होतो. गिळले गेलेले द्रव पुढे जठरातल्या आम्लात पडते. आता कोणी म्हणेल, की तोंडातला स्राव घेऊन एचआयव्हीची तपासणी होते, म्हणजे विषाणू तिथे असणारच. ती तपासणी विषाणू शोधत नाही. शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. या सगळ्या बंदोबस्तात कच्चे दुवेही आहेत. घशातल्या टॉन्सिलमध्ये विषाणूला हव्या असलेल्या पेशी भरपूर असतात, आणि हिरड्या सुजलेल्या असतील तर आवरणाला भेगा असतात. म्हणून शरीररचनेवरून एवढेच म्हणता येते, की ही वाट अवघड असावी. ती किती अवघड आहे, हे माणसांच्या निरीक्षणातूनच ठरवावे लागते.

हे निरीक्षण दिसते तितके सोपे नाही. लैंगिक आयुष्यात फक्त मुखमैथुन करणारी माणसे थोडी असतात. बहुतेकांच्या आयुष्यात इतर प्रकारचे संबंधही येतात, आणि मग संसर्ग झाला तर तो कशातून झाला हे सांगणे कठीण होते. म्हणून ज्यांनी हा गुंता सोडवता येईल अशा व्यक्ती शोधल्या, त्या अभ्यासांना मी जास्त वजन देतो. स्पेनमधल्या माद्रिदच्या संशोधकांनी १९९० ते २००० या दशकात अशी स्त्री-पुरुष जोडपी निवडली, ज्यांत एकाला एचआयव्ही होता आणि दुसऱ्याला नव्हता. त्यांतल्या १३५ निरोगी जोडीदारांचा, म्हणजे ११० स्त्रिया आणि २५ पुरुषांचा, बाधित जोडीदाराशी येणारा असुरक्षित संबंध फक्त मुखमैथुनापुरता होता. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार अशा १९,००० हून अधिक संबंधांनंतर एकालाही संसर्ग झाला नाही. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोमधून दुसरा अभ्यास आला. त्यातल्या २३९ समलिंगी आणि उभयलिंगी पुरुषांनी आधीच्या सहा महिन्यांत केवळ मुखमैथुन केले होते, जवळपास सर्वांनी कंडोमशिवाय, आणि त्यांतल्या २८ टक्के पुरुषांना आपला जोडीदार बाधित असल्याचे ठाऊक होते. तिथेही नवा संसर्ग शून्य.

या शून्याचे काय करायचे? शून्य आढळले म्हणजे धोका शून्य आहे असे सिद्ध होत नाही, ही शंका रास्त आहे. त्यासाठी संख्याशास्त्रात एक साधा नियम आहे : एखादी घटना अमुक इतक्या प्रसंगांत एकदाही घडली नाही, तर तिची खरी शक्यता, पंचाण्णव टक्के खात्रीने, तीन भागिले त्या प्रसंगांच्या संख्येपेक्षा कमी असते. तीनला १९,००० ने भागले तर साधारण सहा हजारांत एक येते. म्हणजे माद्रिदच्या आकड्यांवरून धोक्याची वरची मर्यादा एवढी. खरा धोका याहून कितीही कमी असू शकतो. मात्र या गणितालाही अटी आहेत. हे १९,००० प्रसंग १३५ माणसांतच वाटले गेले आहेत, त्यामुळे ते एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र नाहीत. शिवाय त्या दशकाच्या मध्यावर परिणामकारक औषधे आली. ती घेणाऱ्या जोडीदाराकडून होणारा धोका आणि न घेणाऱ्याकडून होणारा धोका यांत मोठा फरक असतो. म्हणून सहा हजारांत एक हा आकडा दगडावरची रेघ समजू नये. पण तो आपल्याला योग्य परिसरात आणून सोडतो, आणि पुढच्या वादात या परिसराची फार गरज पडते.

कारण विरुद्ध बाजूचा पुरावाही आहे, आणि तो मी टाळणार नाही. २००० साली सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या विषाणू-संशोधकांच्या परिषदेत नुकताच संसर्ग झालेल्या १०२ पुरुषांचा अभ्यास मांडला गेला. त्यांतल्या ८ जणांचा, म्हणजे जवळपास ८ टक्क्यांचा संसर्ग मुखमैथुनातून झाला असावा, असा त्याचा निष्कर्ष होता. बातमी वाऱ्यासारखी पसरली आणि मुखमैथुनाचा धोका ८ टक्के आहे असा समज अनेकांच्या मनात रुजला. हा गोंधळ समजून घेण्यासाठी थोडे थांबायला हवे, कारण आरोग्याविषयीच्या अनेक घबराटींच्या मुळाशी नेमका हाच गोंधळ असतो. संसर्ग झालेल्यांपैकी किती जणांना तो या मार्गाने झाला हा एक प्रश्न आहे. या मार्गाने गेलेल्यांपैकी किती जणांना संसर्ग होतो हा अगदी निराळा प्रश्न आहे. पहिल्यात भाजक बाधित माणसांचा असतो, दुसऱ्यात प्रसंगांचा. केवळ समजण्यासाठी एक गणित करू. समजा, बाधित जोडीदाराबरोबर कंडोमशिवाय गुदमैथुन स्वीकारण्याचे १०,००० प्रसंग घडले. प्रचलित अंदाजानुसार त्यांतून १३८ संसर्ग होतील. त्याच समूहात मुखमैथुनाचे प्रसंग दहापट, म्हणजे एक लाख घडले, आणि प्रत्येक प्रसंगाचा धोका १०,००० मध्ये फक्त १ धरला, तर १० संसर्ग होतील. एकूण १४८ पैकी १०, म्हणजे जवळपास ७ टक्के. संसर्गातला वाटा सात टक्के दिसला, आणि एका प्रसंगाचा धोका मात्र दहा हजारांत एकच राहिला. आता पुढची पायरी पाहा. त्याच समूहाने गुदमैथुनात कंडोम वापरायला सुरुवात केली आणि तिथले संसर्ग १३८ वरून २८ वर आले. मुखमैथुनाचे १० तसेच राहिले. आता त्याचा वाटा ३८ पैकी १०, म्हणजे २६ टक्के होतो. धोका तसूभरही वाढलेला नाही. दुसऱ्या आघाडीवर यश मिळाले म्हणून याचा वाटा फुगला. असा आकडा ज्याच्या हाती भाजकाशिवाय पडतो, त्याला तो घाबरवल्याशिवाय राहत नाही.

वाट्याच्या आकड्यात आणखी एक अडचण असते. संसर्ग कशातून झाला, हे शेवटी त्या माणसाच्या सांगण्यावर ठरते. ज्या कृतीला समाजात अधिक बट्टा लागतो ती माणूस लपवतो आणि त्यातल्या त्यात सौम्य वाटणारी कबूल करतो. गुदमैथुनाचा उच्चारही जिथे अवघड, तिथे "फक्त तोंडानेच" हे उत्तर प्रश्नावलीत खरे असते त्यापेक्षा जास्त वेळा उमटणार. म्हणजे मुखमैथुनातून संसर्ग होतच नाही, असा याचा अर्थ मी लावत नाही. तोंडात वीर्यस्खलन झाल्यानंतर संसर्ग झाल्याची विश्वसनीय वाटणारी मोजकी प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. पण जगभर रोज किती प्रसंग घडत असतील याचा विचार केला, तर ती मोजकी आहेत हेच लक्षात घेण्यासारखे आहे.

अभ्यासू श्रोत्याचा यापुढचा आक्षेप याहून धारदार असेल. १९९९ साली अमेरिकेतल्या तीन शहरांच्या माहितीवरून मुखमैथुन करणाऱ्या पुरुषाला, तोंडात स्खलन झाले असता, दर प्रसंगी ०.०४ टक्के, म्हणजे १०,००० मध्ये ४ इतका धोका असल्याचा अंदाज निघाला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्याने मुखमैथुनासाठी ० ते ४ असा पट्टा दिला. त्याच आढाव्यात बाधित स्त्रीशी योनीसंभोग करणाऱ्या पुरुषाचा धोका १०,००० मध्ये ४ आणि बाधित पुरुषाशी योनीसंभोग करणाऱ्या स्त्रीचा ८ आहे. मग मुखमैथुन आणि योनीसंभोग यांत फरक तो काय उरला? फरक असा, की योनीसंभोगाचा ४ हा आकडा अनेक अभ्यासांतून आलेला मधला अंदाज आहे. मुखमैथुनाचा ४ हा पट्ट्याचा वरचा काठ आहे, आणि ज्या अभ्यासातून तो आला त्यातल्या पुरुषांचे इतर प्रकारचे संबंधही चालू होते. त्यांचा परिणाम गणिताने वेगळा काढावा लागला. जिथे वेगळे काढण्याची गरजच नव्हती, तिथे शून्य आला. या प्रश्नाचा पद्धतशीर आढावा २००८ मध्ये घेणाऱ्यांनीही, एकच नेमका आकडा देण्याइतकी माहिती उपलब्ध नाही, असेच नमूद केले. मला ही भूमिका प्रामाणिक वाटते. त्याचबरोबर 'दहा हजारांत चार' हे ऐकायला क्षुल्लक वाटले, तरी भारतातला एचआयव्ही प्रामुख्याने स्त्री-पुरुष संभोगातूनच पसरला, हे विसरून चालणार नाही. हे आकडे सरासरीचे असतात. जोडीदाराला नुकताच संसर्ग झालेला असेल तर त्याच्या रक्तातला विषाणू प्रचंड असतो. जननेंद्रियावर दुसऱ्या गुप्तरोगाची जखम असेल तर धोका कित्येक पट वाढतो. आणि लहान आकडा वर्षानुवर्षे गुणला गेला की लहान राहत नाही. २०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते आणि त्यांतले सर्वाधिक, जवळपास चार लाख, महाराष्ट्रात होते. म्हणून मी धोका लहान म्हणतो तेव्हा तो कोणत्या परिस्थितीत लहान, हेही सांगणे माझ्यावर बंधनकारक आहे.

प्राण्यांवरच्या प्रयोगाचा दाखलाही दिला जातो. १९९६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात प्रौढ मॅकाक माकडांच्या तोंडात, कुठेही जखम न करता, माकडांमधला एचआयव्हीचा भाऊबंद असलेला विषाणू सोडला होता आणि बहुतेकांना संसर्ग झाला. प्रयोग महत्त्वाचा होता; तोंडाची वाट पूर्ण बंद नाही हे त्याने दाखवले. पण तिथे प्रयोगशाळेत तयार केलेला विषाणूचा साठा वापरला होता. माणसाच्या वीर्यात किती विषाणू असतो आणि त्यातला किती लाळेतून टिकून घशापर्यंत पोचतो, याचे उत्तर तो प्रयोग देत नाही. याहून विचार करायला लावणारा दाखला तान्ह्या बाळाचा आहे. बाधित आईच्या दुधातून बाळाला संसर्ग होतो, आणि दूध तर तोंडावाटेच जाते. हे खरे आहे. कसलेही उपचार नसताना स्तनपानामुळे होणाऱ्या संसर्गाचे प्रमाण ५ ते २० टक्के सांगितले जाते. पण हा आकडा नीट वाचायला हवा. बाळ रोज अर्धा-पाऊण लिटर दूध पिते, महिनोन्महिने पिते. त्याच्या आतड्याचे अस्तर कोवळे असते, रोगप्रतिकारशक्ती अपुरी असते, जठरातले आम्ल सौम्य असते. इतके सगळे त्याच्या विरुद्ध असूनही, औषधे नसताना सुद्धा, दर दहांपैकी किमान आठ बाळे स्तनपानाच्या या धोक्यातून सुखरूप बाहेर पडत होती. एक बाळ बाधित होणे हेही दुःखच आहे, आणि आज औषधांमुळे ते जवळपास टाळता येते. पण तोंडाच्या मार्गाविषयी या दाखल्यातून निघणारा निष्कर्ष माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जात नाही.

कोणाला किती धोका, हे आता सांगता येईल. ज्याच्या शिश्नावर दुसरी व्यक्ती तोंड लावते, किंवा ज्या स्त्रीच्या योनीवर तोंड लावले जाते, त्या व्यक्तीचा संपर्क फक्त लाळेशी येतो. लाळेतून एचआयव्ही पसरत नाही. समोरच्याच्या तोंडातून रक्त वाहत असेल एवढी एक अपवादात्मक परिस्थिती सोडली, तर हा धोका नसल्यात जमा आहे. तोंड लावणाऱ्याचा धोका त्याहून थोडा अधिक, आणि तोही प्रामुख्याने तोंडात वीर्यस्खलन झाले तर. योनीला तोंड लावण्यातला धोका त्याहून कमी. पाळीच्या दिवसांत रक्ताशी संपर्क आल्यास तो वाढतो. वाढवणाऱ्या गोष्टींमध्ये हिरड्यांतून येणारे रक्त, तोंडातले व्रण, नुकताच काढलेला दात, घशातला एखादा गुप्तरोग आणि जोडीदाराच्या रक्तातला न दबलेला विषाणू यांचा समावेश होतो. महाराष्ट्रात यातल्या एका गोष्टीकडे जास्त लक्ष द्यायला हवे. मिश्री, तंबाखू आणि गुटख्याने सोललेली तोंडे आपल्याकडे असंख्य आहेत. गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली तरी सवय गेलेली नाही. परदेशी अभ्यासांतल्या सहभागी लोकांची तोंडे आपल्या या तोंडांपेक्षा निरोगी असण्याची शक्यता आहे, हे गृहीत धरूनच आपण त्यांचे आकडे वापरावेत. समुपदेशकाने हिरड्यांची चौकशी करणे हे म्हणूनच त्याच्या कामाचा भाग आहे. या संबंधाच्या लगेच आधी किंवा नंतर खसखसून दात घासू नयेत, हे सांगायला तर काहीच खर्च येत नाही.

यावर सगळ्यांत जास्त ऐकू येणारा आक्षेप वैद्यकीय नसून नीतीचा आहे. धोका लहान आहे असे उघड सांगितले तर लोक बेफिकीर होतील. त्यापेक्षा सरसकट घाबरवलेले बरे. मला हा विचार लोकांवर अन्याय करणारा वाटतो, आणि तो परिणामांच्या दृष्टीनेही चुकीचा आहे. सगळ्या कृतींना सारखाच धोका आहे असे सांगितले, की निवड करण्याचे कारणच नाहीसे होते. ज्या माणसाला वाटते की मुखमैथुन काय आणि कंडोमशिवाय गुदमैथुन काय, दोन्ही सारखेच घातक, तो पहिले केल्यावर दुसरे टाळण्याची धडपड का करील? १३८ आणि जास्तीत जास्त ४ यांतला फरक त्याला ठाऊक असेल, तर कंडोम हाताशी नसलेल्या रात्री तो स्वतःला आणि दुसऱ्याला वाचवू शकेल. सांगलीच्या 'संग्राम' संस्थेने १९९२ पासून शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांबरोबर काम करताना हे दाखवून दिले आहे, की ज्यांना समाज अडाणी समजतो त्या स्त्रिया माहिती मिळाली की एकमेकींना ती पोचवतात, कंडोम पोचवतात आणि गिऱ्हाइकाशी वाटाघाट करतात. वाटाघाटीला कशात किती धोका आहे याचे ज्ञान लागते. सरसकट भीती घेऊन वाटाघाट करता येत नाही.

या भीतीची किंमत एचआयव्हीसह जगणाऱ्यांनी सगळ्यांत जास्त मोजली आहे. लाळ, चुंबन, एका ताटात जेवणे, यांविषयीचा संशय आणि मुखमैथुनाविषयीची अतिशयोक्ती एकाच मुळातून वाढतात. एचआयव्हीचा शोध लावल्याबद्दल २००८ चे नोबेल मिळालेल्या फ्रान्स्वाज बारे-सिनुसी यांच्यासह वीस शास्त्रज्ञांनी २०१८ साली एक निवेदन काढले. बाधित व्यक्तींवर जगभर चालवल्या जाणाऱ्या खटल्यांत विज्ञानाचा विपर्यास होतो, हे दाखवणे हा त्याचा उद्देश होता. मुखमैथुनातून संसर्गाची शक्यता परिस्थितीनुसार मुळीच नाही इथपासून नगण्य इथपर्यंत असते, असे त्यांनी त्यात म्हटले. उपचारांनी तर हे चित्र पूर्ण बदलले आहे. पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था ज्यात सहभागी होती, त्या नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासाने दाखवले, की बाधित जोडीदाराने लवकर औषधे सुरू केली तर दुसऱ्याला होणारा संसर्ग नव्वद टक्क्यांहून अधिक घटतो, आणि औषधांनी विषाणू दबलेला राहिला तर त्याच्याकडून संसर्ग होत नाही. युरोपातल्या जोडप्यांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बाधित जोडीदाराचा विषाणू औषधांनी दबलेला असलेल्या ७८२ समलिंगी जोडप्यांनी कंडोमशिवाय केलेल्या ७६,००० हून अधिक गुदसंभोगांनंतर जोडीदाराकडून झालेला संसर्ग शून्य होता. सर्वांत धोकादायक कृतीत जर शून्य, तर अशा जोडीदाराबरोबरच्या मुखमैथुनाविषयी चिंता करण्याचे कारण उरत नाही. भारतात २००४ पासून ही औषधे मोफत मिळतात आणि रक्तातल्या विषाणूचे प्रमाण मोजणारी व्हायरल लोड तपासणीही एआरटी केंद्रांमार्फत मोफत होते. नवरा-बायकोपैकी एकाला एचआयव्ही असलेल्या घरात ही माहिती पोचली नाही, म्हणून वर्षानुवर्षे स्पर्शही न करणारी जोडपी तयार होतात. त्यांचे ते एकटेपण वैद्यकीयदृष्ट्या अनावश्यक आहे. ते तसे आहे हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

बेफिकिरीच्या आक्षेपात एक गोष्ट मात्र मी पूर्णपणे मान्य करतो, आणि ती एचआयव्हीबद्दल नाही. तोंडाची वाट एचआयव्हीला अवघड असली तरी इतर रोगांना सोपी आहे. सिफिलिस, म्हणजे गरमी, ओठावरच्या किंवा घशातल्या न दुखणाऱ्या व्रणातून सहज पसरते. शिकागोत २००० ते २००२ मध्ये नोंदलेल्या सिफिलिसच्या सुमारे १४ टक्के रुग्णांनी मुखमैथुन हाच एकमेव संबंध असल्याचे सांगितले होते. हाही वाट्याचाच आकडा आहे आणि त्याला मघाचीच पथ्ये लागू होतात. पण एचआयव्हीप्रमाणे इथे त्याच्या जोडीला शून्य संसर्गाचे अभ्यास नाहीत. गनोरिया, ज्याला आपल्याकडे परमा म्हणतात, तो घशात कोणतेही लक्षण न दाखवता राहतो, आणि औषधांना दाद न देणारे त्याचे प्रकार वाढत आहेत. नागीण, म्हणजे हर्पीज, पसरते. एचपीव्ही या विषाणूचा सोळावा प्रकार घशाच्या कर्करोगाशी जोडलेला आहे. त्यावर लस आहे, तशीच हिपॅटायटिस बी वरही आहे. कंडोमचा आग्रह मुखमैथुनातही का धरावा, याचे खरे उत्तर या रोगांत आहे. योनीवर तोंड लावताना मधे धरण्याचा पातळ रबरी पडदा आपल्या बाजारात सहसा मिळत नाही. कंडोम उभा कापून पसरला तर तोच उपयोगी पडतो. आपण एचआयव्हीचे नाव पुढे करून कंडोम वापरा म्हणतो, ऐकणाऱ्याला कुठूनतरी कळते की एचआयव्हीचा धोका इथे नगण्य आहे, आणि मग तो आपला उरलेला सल्लाही फेकून देतो. योग्य सल्ला चुकीच्या कारणासाठी दिला की तो टिकत नाही.

राहिला तो आक्षेप, की असला विषय आपल्या संस्कृतीत नाही, त्यावर जाहीर व्याख्यान कशाला. वात्स्यायनाच्या कामसूत्राच्या दुसऱ्या अधिकरणातला नववा अध्याय याच विषयावर आहे, इतके सांगून संस्कृतीचा मुद्दा सोडता येईल. कायद्याचा मुद्दा अधिक गंभीर होता. दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमाचा अर्थ न्यायालयांनी मुखमैथुनालाही लागू केला होता. म्हणजे समुपदेशकाने प्रश्न विचारायचा आणि समोरच्याने उत्तरादाखल गुन्हा कबूल करायचा, अशी स्थिती होती. हे कलम एड्स नियंत्रणाच्या आड येते असे प्रतिज्ञापत्र खुद्द राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने २००६ साली दिल्ली उच्च न्यायालयात दिले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून मुक्त केले. त्याच महिन्यात एचआयव्ही-एड्स प्रतिबंधाचा २०१७ चा कायदा अमलात आला. संमतीशिवाय तपासणी करू नये आणि माहिती गुप्त ठेवावी, हे त्याने बंधनकारक केले. बोलण्यातला कायद्याचा अडथळा आता नाही. आणि मराठीत तर या बोलण्याची परंपरा आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले, अश्लीलतेचे खटले सोसले, आणि त्यांतल्या एकात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक प्रश्नाला सरळ, पुराव्यानिशी उत्तर देणे हा वाचकाचा अपमान नसून त्याचा मान आहे, ही कर्व्यांची धारणा होती असे त्यांच्या कामावरून दिसते.

तेव्हा समुपदेशन केंद्रात समोर बसलेल्या माणसाला काय सांगावे? तुम्ही तोंड लावले की तुम्हाला तोंड लावले गेले, हे आधी विचारावे. फक्त लाळेचा संपर्क आला असेल तर एचआयव्हीची काळजी करण्याचे कारण नाही, असे स्पष्ट सांगावे; 'सहसा' हा शब्द जोडून त्याची रात्र खराब करू नये. तोंडात स्खलन झाले असेल तर धोका दहा हजारांत शून्य ते चार या पट्ट्यात आहे, तोही जोडीदार बाधित आणि उपचारांशिवाय असेल तर, असे आकड्यासह सांगावे. जोडीदार बाधित असल्याचे ठाऊक आहे, तो औषधे घेत नाही आणि आपल्या तोंडात उघडी जखम होती, असे सगळे एकत्र जुळून आले असेल, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना गाठून २८ दिवसांच्या प्रतिबंधक औषधांबद्दल विचारावे; इतर बहुतेक प्रसंगांत त्यांची गरज पडत नाही. घसा, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी यांची चौकशी एचआयव्हीइतक्याच गांभीर्याने करावी. आणि तपासणी कधी थांबवायची तेही सांगावे : प्रतिजन आणि प्रतिपिंड दोन्ही शोधणारी चौथ्या पिढीची प्रयोगशाळेतली चाचणी संबंधानंतर ४५ दिवसांनी निगेटिव्ह आली, किंवा नुसती प्रतिपिंडे शोधणारी चाचणी तीन महिन्यांनी निगेटिव्ह आली, आणि मधल्या काळात प्रतिबंधक औषधे घेतलेली नसतील, तर त्या प्रसंगापुरता एचआयव्हीचा प्रश्न मिटला, त्यासाठी पुन्हा रक्त देऊ नये.